आवक, जावक, शिल्लक

आमच्या घरात ‘मॅगझिन’ हा शब्द आधी आला तो वाचायच्या वस्तूसाठी नव्हे. बाबा एका धरणाच्या कामावर भांडारपाल होते. घाटमाथ्यावरची वसाहत, पत्र्याची घरं, चार महिने न थांबणारा पाऊस. संध्याकाळी कोणी बाबांना शोधत दारात आलं की आई आतूनच सांगायची, “ते मॅगझिनवर गेलेत.” आम्हा भावंडांना त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. वसाहतीच्या पलीकडे, ओढा ओलांडून, टेकाडाच्या मागे दगडी भिंतींची एक बुटकी खोली होती. भोवती काटेरी तारेचं कुंपण, छपरावर वीज जमिनीत उतरवणारी सळई, फाटकावर तांबड्या अक्षरांची पाटी. आत सुरुंगासाठी लागणाऱ्या जिलेटिनच्या कांड्या. डिटोनेटर तिथे नव्हते, ते लांब वेगळ्या खोलीत. फाटकाशी काड्यापेटी काढून द्यायची, खिळे मारलेल्या वहाणा बाहेर ठेवायच्या, मगच आत पाऊल टाकायचं.

रोज सकाळी किती कांड्या गेल्या, संध्याकाळी किती परत आल्या, हे बाबा एका लांबट नोंदवहीत लिहीत. आवक, जावक, शिल्लक. एखाद्या दिवशी हिशेब जुळला नाही तर तो जुळेपर्यंत घरी येत नसत. आई ताट झाकून बसायची आणि मासिक वाचत राहायची.

मासिक टपालानं यायचं. पाऊस फार झाला आणि घाटात दरड आली की दोन-दोन महिने यायचं नाही, मग एकदम दोन अंक. ओलसर, कडा फुगलेले. आई ते चुलीपासून जरा अंतरावर उभे करून सुकवायची आणि पूर्ण सुकल्यावरच पानं उघडायची.

पाचवीत की सहावीत इंग्रजीच्या तासाला सरांनी ‘मॅगझिन’चा अर्थ विचारला. मी उठून सांगितलं, दारू ठेवायची खोली. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “बरोबर आहे. मोठा शब्दकोश मिळाला कधी तर उघडून बघ, तुझा अर्थ आधी असेल. मासिक हा अर्थ नंतरचा.” तो मोठा शब्दकोश मला मिळाला कॉलेजात गेल्यावर. सरांचं खरं होतं. पण शब्दकोशानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी सांगितली नव्हती, आणि ती वाचून मी ग्रंथालयाच्या बाकावर बराच वेळ नुसती बसून राहिले.

मॅगझिन हा शब्द अरबी ‘मख़ज़न’वरून आलेला. मख़ज़न म्हणजे साठवणीची जागा, कोठार. त्याचं मूळ खे, ज़े, नून या तीन अक्षरांत आहे आणि त्या मुळाचा अर्थ साठवून ठेवणं, जपून ठेवणं. त्याच तीन अक्षरांतून अरबीत ‘ख़िज़ाना’ हा शब्द झाला आणि फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. आपला खजिना. म्हणजे बाबांची ती दगडी खोली, आईच्या हातातला फुगलेला अंक आणि गोष्टीतल्या राजाचा खजिना ही एकाच आईची लेकरं.

खजिना आपल्याकडे जमिनीवरून आला, मॅगझिन समुद्रावरून. भूमध्य समुद्राच्या व्यापारात अरबांशी ज्यांचा रोजचा संबंध होता त्या इटलीच्या बंदरांनी मख़ज़नचं ‘मागाझिनो’ केलं. वखार, गोदाम याच अर्थानं. फ्रेंचांनी त्याचं ‘मागाझँ’ केलं आणि सोळाव्या शतकात इंग्रजांनी तो उचलला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोक शतकानुशतकं अरबांच्या शेजारात राहिलेले. त्यांनी शब्द त्याच्या अरबी ‘अल’सकट घेतला, म्हणून स्पेनमध्ये ‘अल्मासेन’ आणि पोर्तुगालमध्ये ‘अर्माझें’. फ्रान्समध्ये कोठाराचं पुढे दुकान झालं. रशियात आजही किराणा आणायला निघालेला माणूस ‘मागाझिन’मध्ये जातो. मोरोक्कोत तर मख़ज़न म्हणजे खुद्द राजसत्ता. कर गोळा होऊन जिथे साठतो ती जागा, आणि म्हणून तो गोळा करणारे. आपण ‘सरकारी खजिना’ म्हणतो त्यापासून हे फार लांब नाही.

इंग्रजीत मात्र हा शब्द हळूहळू लष्कराच्या ताब्यात गेला. कोठार म्हणजे शिधा आणि शस्त्रांचं कोठार, आणि मग मुख्यतः दारूगोळ्याचं. दिल्लीत ११ मे १८५७ रोजी मेरठहून आलेल्या शिपायांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतःच उडवून दिलं ते ‘मॅगझिन’च होतं. काश्मिरी दरवाज्याजवळ लोथियन रोडवर त्याच्या फाटकाचे अवशेष अजून उभे आहेत. मी ते पाहायला गेले तेव्हा दोन्ही बाजूंनी गाड्या वाहत होत्या आणि जळक्या विटांच्या त्या कमानीकडे कोणी बघत नव्हतं. मला आमच्या टेकाडामागची तांबडी पाटी आठवली.

कोठारातून कागदावर हा शब्द आला त्याची हकिकत मला फार आवडते. १६६९ साली सॅम्युएल स्टर्मी नावाच्या दर्यावर्दीनं खलाशांसाठी एक जाडजूड ग्रंथ काढला, त्याच्या नावात ‘मॅगझिन’ होतं. म्हणजे खलाशाला लागणारं सगळं ज्ञान एका कोठारात. पण ते पुस्तक होतं, एकदा छापलं आणि झालं. दर महिन्याला भरत जाणारं कोठार ही कल्पना एडवर्ड केव्हची. केव्ह रग्बी गावच्या चांभाराचा मुलगा. छापखान्यात उमेदवारी केली, मग लंडनच्या टपालखात्यात नोकरी. तिथे त्याच्या हाताखालून गावोगावची वर्तमानपत्रं जायची. रोज इतका छापील कागद बघून त्याच्या मनात आलं की यातलं चांगलं ते वेचून एकत्र केलं पाहिजे. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांना त्यानं ही योजना कित्येक वर्षं सांगून पाहिली, कोणी तयार होईना. शेवटी १७३१ साली त्यानं स्वतःच ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढलं. महिन्याला एक अंक, किंमत सहा पेन्स.

त्यानं वाचकांना सांगितलेलं कारण एखाद्या भांडारपालाला शोभावं असं आहे. त्यानं आधी मोजदाद दिली. एकट्या लंडनमध्ये महिन्याला दोनशे अर्धे ताव छापून बाहेर पडतात, आणि जवळपास तितकेच बाकीच्या राज्यात. इतकं सगळं कोण वाचणार, कोण जपणार? सुटे कागद इकडेतिकडे विखुरतात आणि त्यांतल्या चांगल्या गोष्टी जपल्या जात नाहीत. म्हणून त्यातलं निवडक, कोठारात साठवावं तसं इथे साठवायचं. ‘कोठारात साठवावं तसं’ हेच त्याचे शब्द. मॅगझिन हे तेव्हा या प्रकारच्या छापील वस्तूचं नाव नव्हतंच, ती एक उपमा होती. ती लोकांना इतकी पटली की पुढच्याच वर्षी ‘लंडन मॅगझिन’ निघालं आणि मग त्या नावाची रीघ लागली. आज ती उपमा होती हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

केव्हचा छापखाना लंडनच्या क्लार्कनवेल भागात सेंट जॉन्स गेट या जुन्या दगडी वेशीत होता. ती वेस सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, अजून उभी आहे आणि तिचं चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर असायचं. गावाकडून नशीब काढायला आलेला, पुढे इंग्रजीचा कोशकार म्हणून गाजलेला सॅम्युएल जॉन्सन ती वेस पहिल्यांदा पाहून भक्तिभावानं थबकला होता. पुढे तो तिथेच काम करू लागला. पार्लमेंटमधल्या चर्चा छापायला १७३८ साली कॉमन्स सभागृहानं कडक मनाई केली, तेव्हा या मासिकानं त्या ‘लिलिपुटच्या सिनेटमधल्या चर्चा’ म्हणून छापल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जॉन्सननं एका खोलीत बसून लिहिल्या. केव्हबद्दल तो सांगायचा की हा माणूस खिडकीबाहेर पाहायचा तेही मासिकासाठी काही मिळतंय का म्हणूनच. मासिकाचा खप दहा हजारांवर गेला होता असंही त्यानं सांगून ठेवलंय. त्या काळात दहा हजार!

केव्ह १७५४ साली वारला. पुढच्याच वर्षी जॉन्सनचा कोश आला. त्यात मॅगझिनच्या अर्थात आधी कोठार, शस्त्रागार, शिध्याची जागा. आणि मग, अलीकडे हा शब्द संकीर्ण मजकुराच्या नियतकालिकालाही लावतात, एडवर्ड केव्हच्या अमुक मासिकावरून, असं नावानिशी. शब्दकोशाच्या कोरड्या ओळीत जॉन्सननं आपल्या पहिल्या अन्नदात्याचं नाव लिहून ठेवलं. मी हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि अजूनही ती नोंद मी मन शांत असतानाच उघडते.

आता आपल्याकडे. इंग्रजीनं या वस्तूला जागेचं नाव दिलं, मराठीनं काळाचं. मासिक, पाक्षिक, साप्ताहिक, त्रैमासिक, आणि सगळ्यांना मिळून नियतकालिक. इंग्रज वाचक विचारतो, यात काय साठवलंय? आपण विचारतो, आलं का? आईनं पावसात पोस्टमनची वाट पाहिली ती कोठाराची नव्हे, महिन्याची. ‘या महिन्याचं आलं नाही अजून’ या वाक्यात तिला काय म्हणायचं असे ते घाटावरच्या त्या वसाहतीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि एकेका प्रतीला आपण ‘अंक’ म्हणतो. अंक म्हणजे आकडा, नाटकाचा भाग, आणि संस्कृतात मांडीसुद्धा. आईच्या मांडीवर एकाच वेळी धाकटा आणि मासिक असायचं, त्यामुळे मला हा तिसरा अर्थ कधी शिकावा लागला नाही.

आपल्या काळवाचक शब्दाची ताकद कळते ती तो मोडला तेव्हा. पन्नाशीच्या दशकातलं ‘शब्द’ आणि साठीतली ‘असो’, ‘येरू’, ‘फक्त’ यांसारखी चक्रमुद्रित, तुटपुंज्या पैशांत काढलेली पत्रं निघाली, तेव्हा त्यांना इंग्रजीतून ‘लिटिल मॅगझिन’ म्हटलं गेलं. पण मराठीत त्यांनी स्वतःला म्हणवलं ‘अनियतकालिक’. आम्ही तुमच्या महिन्याला बांधील नाही, पैसे जमतील आणि सांगण्यासारखं असेल तेव्हा निघू. एक ‘अ’ लावला आणि बंड पुकारलं. हे इंग्रजीत करताच आलं नसतं, त्यांच्या शब्दात मोडायला काळच नाही.

पण साठवण आपल्याकडे नव्हती असं नाही, ती मासिकांच्या विशेषनामांत गेली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली काढलेलं ‘दिग्दर्शन’ मराठीतलं पहिलं मासिक, ते दिशा दाखवणारं. १८६७चं ‘विविधज्ञानविस्तार’ तर नावातच संकीर्ण. जवळजवळ सत्तर वर्षं ते चाललं आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, गुंजीकरांची ‘मोचनगड’, त्याच्याच पानांतून वाचकांपुढे आली. चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ची. केव्हच्या मासिकाच्या शीर्षकपानावर फुलांचा गुच्छ धरलेला हात असायचा, आपल्याकडे गुच्छाची माळ झाली. आणि १८७८ साली निघालं ‘काव्येतिहाससंग्रह’. वाड्यांच्या माळ्यांवर पडलेल्या बखरी, पत्रं, जुन्या कवींच्या रचना शोधून महिन्यामहिन्याला छापणारं. मख़ज़नचं मराठी भाषांतर करायचं झालं तर मी ‘संग्रह’ हाच शब्द घेईन. त्या मासिकानं जे छापलं त्यातलं काही पुढे इतिहासकारांना आयुष्यभर पुरलं. वाळवीच्या तोंडातून काढलेला ऐवज तो.

लाहोरला १९०१ साली शेख अब्दुल क़ादिर यांनी उर्दू मासिक काढलं त्याचं नाव ‘मख़ज़न’. तरुण इक़बालची हिमालयावरची कविता पहिल्याच अंकात आली. हजार वर्षं फिरून शब्द आपल्या मूळ रूपात परत एका मासिकावर येऊन बसला. खुद्द अरबीत मात्र मासिकाला मख़ज़न म्हणत नाहीत, ‘मजल्ला’ म्हणतात. पण पुस्तकांच्या साठ्याला, ग्रंथालयाला जुन्या अरबीत ‘ख़िज़ानत अल-कुतुब’ म्हणत. ग्रंथांचा खजिना. केव्हच्या कितीतरी आधी या मुळाला कागदाचा वास लागला होता.

कोठार म्हटलं की पन्हाळा आठवतो. तिथल्या अंबरखान्यात धान्याच्या तीन प्रचंड कोठ्या आहेत, गंगा, यमुना आणि सरस्वती. धान्याच्या कोठीला सरस्वतीचं नाव! नद्यांची नावं आहेत ती, मला माहीत आहे. तरी त्या थंडगार अंधाऱ्या कोठीत उभं राहून वरच्या झरोक्याकडे पाहिलं तेव्हा मला ते नाव नदीचं वाटलं नाही.

आणि किल्ल्यांवरच्या दारूखान्याबद्दल रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात जे लिहिलंय ते मी बाबांना वाचून दाखवलं होतं. दारूखाना घराजवळ नसावा. भोवती कोट घालून आत तळघर करावं. माच घालून तिच्यावर दारूची मडकी ठेवावी. सर्द होऊ देऊ नये. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं सगळं बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “पुन्हा वाच, ऊन द्यावं ते.” मी वाचलं. मग म्हणाले, “तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण कामातला माणूस.”

त्यांना ते ‘ऊन’ का ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. आमची एक बदली पावसाळ्यात झाली होती. नवं घर मिळेपर्यंत आईची मासिकं एका लाकडी पेटीत भरून वसाहतीतल्या एका रिकाम्या खोलीत ठेवली होती. चार महिन्यांनी पेटी उघडली तर तळाचे अंक मातीचे झाले होते. वाळवी. वरून पुठ्ठे शाबूत, बोट लावलं की आत चिखलाच्या नळ्या. आई काही बोलली नाही. लग्नात तिच्याबरोबर आलेले अंक त्यात होते. जे वाचले ते एकेक झटकून तिनं पदरानं पुसले आणि उरलेलं सूप भरभरून परसात नेऊन टाकलं. बाबा दारात उभे होते. रात्री मी जागी होते, तेव्हा ते एकच वाक्य बोलले, “अगं, माझ्या ताब्यातली एक कांडी आजवर सर्दावली नाही.”

दुसऱ्या रविवारी त्यांनी पत्र्याची ट्रंक आणली. तळाशी चार विटा, विटांवर फळी, फळीवर ट्रंक. भिंतीपासून हातभर दूर, कारण वाळवी भिंतीतून येते. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला. खोलीच्या कोपऱ्यात दिवा ठेवायचा नाही. आणि एक लांबट नोंदवही, तशीच, त्यांच्या हातच्या रेघांची. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत मासिकांचा तपशील. रकाने तेच. आवक, जावक, शिल्लक. शेवटी त्यांनी एक रकाना वाढवला होता, जो दारूच्या वहीत नसायचा. ‘ऊन दिल्याची तारीख.’

आईला आधी ते फार मनावर घेण्यासारखं वाटलं नाही. मग तीच लिहू लागली. शेजारणी अंक मागायला यायच्या, तिला कोणाला नाही म्हणता येत नसे. आता ती वहीत नाव घालून द्यायची. वहीत नाव आहे म्हटल्यावर अंक परत यायचे आणि परत आणणारी दोन शब्द बोलायची, ती कथा कशी वाटली, तो शेवट पटला का. पावसात अडकलेल्या त्या वसाहतीत दर महिन्याला एकच अंक यायचा आणि वही सांगते की तो सरासरी सहा-सात घरांत जाऊन यायचा. दिवाळी अंक तर पार शिमग्यापर्यंत फिरत असे. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत हे असंच चालत आलंय. विकत एक घेतो, वाचतात दहा. बाबांचं मॅगझिन आणि आईचं मासिक यांत मला एवढाच फरक दिसत आला की तिथे जावक काळजीचा रकाना होता, इथे आनंदाचा.

दुसरा एक शब्द इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. रद्दी. तोही अरबीतूनच आलेला, ‘रद्द’ म्हणजे परत फिरवलेलं, नाकारलेलं. खजिना आणि रद्दी एकाच भाषेतून आपल्या घरात आले आणि मासिकाच्या बाबतीत या दोघांत अंतर किती, तर एका घरबदलीचं. आई गेल्यावर पुण्याच्या घरात ट्रंक हलवताना मला किती जणांनी सुचवलं, आता हे कशाला, किलोवर जाईल. मी वजन होऊ दिलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात गच्चीवर चटई टाकून सगळे अंक उन्हात मांडले. एकशे बेचाळीस. पिवळ्या पानांना तोच वास, जुना कागद आणि कडुलिंब. उलटवताना एका दिवाळी अंकातून एक खूण पडली, जिलेटिनच्या खोक्यावरच्या जाड कागदाची पट्टी. बाबा आईला खुणेसाठी तसल्या पट्ट्या कापून देत. मग वही घेऊन बसले आणि एकेक अंक ताडून पाहिला. सगळं जुळलं, एक सोडून. शेवटच्या भरलेल्या पानावर आईच्या अक्षरात एक दिवाळी अंक जावक लिहिलाय, समोर ‘ओव्हरसीअर वहिनी’. परत आल्याची नोंद नाही. शिल्लक रकान्यात तिनं काहीच लिहिलेलं नाही, पेन्सिलीनं एक बारीक टिंब ठेवलंय.

मी ऊन दिल्याची तारीख लिहिली. टिंबाला हात लावला नाही.